शिवण कुठे आहे? माचादोच्या कविता आणि सेर्रातची तबकडी: एक प्रकरण

वाटसरा, वाट नाही, चालताना वाट होते.

आंतोनियो माचादो या स्पॅनिश कवीची ही ओळ. स्पेनमध्ये आणि स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकेत ती शाळेच्या भिंतीवर, पुढाऱ्यांच्या भाषणात, चहाच्या मगावर, कुठेही भेटते. म्हणणारा बहुधा तिथे थांबत नाही. पाठोपाठ त्याच्या तोंडून येतं, ‘गोल्पे आ गोल्पे, वेर्सो आ वेर्सो’, म्हणजे ‘घाव-घाव, ओळ-ओळ’. आणि हेही माचादोचंच, अशी त्याची खात्री असते.

माचादोनं हे शब्द लिहिलेले नाहीत. तो गेल्यानंतर तीस वर्षांनी बार्सिलोनाच्या एका पंचविशीतल्या गायकानं ते त्याच्या कवितेला जोडले. गायकाचं नाव जुआन मानुएल सेर्रात. वर्ष १९६९. तबकडीचं नाव ‘देदिकादो आ आंतोनियो माचादो, पोएता’, म्हणजे ‘कवी आंतोनियो माचादो यांस अर्पण’. गाणी बारा. कवितेला चाल लावली की कवितेचं काय होतं यावर आपल्याकडे भावगीतांच्या निमित्तानं बरंच बोलून झालंय: चाल शब्दांवर बसते की शब्दांच्या अंगावर, वगैरे. या तबकडीमुळे मला वेगळाच प्रश्न पडला. जोड इतकी बेमालूम लागली की शिवणच दिसेनाशी झाली, तर त्याला यश म्हणायचं की घोटाळा?

कवीच्या घरातली गाणी

ही गोष्ट १९६९ पासून सांगितली तर अर्धीच कळते. माचादोच्या कविता गाण्यात इतक्या सहज गेल्या, कारण त्यांची मुळंच गाण्यात होती.

माचादोचा जन्म १८७५ चा, सेवियाचा. त्याचे वडील आंतोनियो माचादो इ आल्वारेस हे स्पेनमधल्या लोकसाहित्याच्या अभ्यासाचे आद्य प्रवर्तक. ‘देमोफिलो’, म्हणजे लोकांचा मित्र, या टोपणनावानं ते लिहीत. फ्लामेंको गाणारे लोक जी पदं तोंडी म्हणत, ती त्यांनी गोळा करून १८८१ मध्ये छापली. त्याच वर्षी सेवियात लोकसाहित्याची एक संस्थाही काढली. कवीची आजी सिप्रियाना हिलाही लोककथा गोळा करायचा नाद होता, आणि तिचे मामा-काका पिढीतले आगुस्तिन दुरान यांनी जुन्या कथागीतांचं मोठं संकलन केलेलं. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेणाऱ्या घरात एखादा कवी जन्माला यावा, तसंच हे.

या घरात ‘कोप्ला’ हा शब्द रोजचा. कोप्ला म्हणजे चार ओळींचं लोकपद, ओळ बहुतेक वेळा आठ शब्दावयवांची. (स्पॅनिशमध्ये शब्दावयव, म्हणजे उच्चारातली अक्षरं, मोजतात, आणि ओळीचा शेवट आघातावर झाला तर एक जास्त धरतात.) आपल्या लहान अभंगाची आठ-आठ अक्षरांची चाल ज्याच्या कानात आहे, त्याला हे माप परकं वाटणार नाही. वर दिलेली ओळ मराठीत आणताना ती आपणहून आठ-आठ अक्षरांत येऊन बसली, मला फार ओढाताण करावी लागली नाही.

माचादोचा ‘काम्पोस दे कास्तिया’ हा संग्रह १९१२ चा. त्यात आणि त्याच्या पुढच्या वाढलेल्या आवृत्त्यांत ‘प्रोवेर्बियोस इ कान्तारेस’, म्हणजे ‘म्हणी आणि गाणी’, या नावाखाली छोट्या-छोट्या रचना आहेत. नावातच गाणं आहे. त्या वाचताना कोणीतरी दारात बसून स्वतःशी बोलतंय असं वाटतं.

त्याचा थोरला भाऊ मानुएल हाही कवी. त्याच्या एका प्रसिद्ध रचनेचा आशय असा: लोक गाऊ लागत नाहीत तोवर कोप्ला ही कोप्लाच नव्हे, आणि लोक गाऊ लागले की ती रचली कोणी हे कोणालाच ठाऊक नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा. या प्रकरणाचा निकाल थोरल्या भावानं कितीतरी आधीच देऊन ठेवला होता.

मेलेल्या कवीची दोन खाती

१९३६ मध्ये गृहयुद्ध पेटलं. आंतोनियो प्रजासत्ताकाच्या बाजूनं राहिला. मानुएल प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या सेनापती फ्रँकोच्या मुलखात अडकला आणि त्याच बाजूचा झाला. जानेवारी १९३९ मध्ये, बार्सिलोना पडत असताना, आंतोनियो म्हाताऱ्या आईला घेऊन निर्वासितांच्या लोंढ्यातून फ्रान्सची हद्द ओलांडून गेला. सामान वाटेतच टाकावं लागलं. हद्दीपलीकडच्या कोलिऊर या समुद्रकाठच्या गावात एका छोट्या हॉटेलात तो २२ फेब्रुवारीला वारला. तीन दिवसांनी आई गेली. त्याच्या कोटाच्या खिशात एक चिठोरी सापडली. तिच्यावर इतर टिपणांबरोबर ही ओळ होती: हे निळे दिवस आणि बालपणीचं हे ऊन.

‘रेत्रातो’ (आत्मचित्र) ही कविता त्यानं तीसेक वर्षं आधी लिहिली होती. तिच्या शेवटी तो म्हणतो, अखेरच्या प्रवासाला निघेन तेव्हा तुम्हाला मी सापडेन तो हलक्या सामानानिशी, समुद्राच्या लेकरांसारखा जवळजवळ उघडा. असले योगायोग मला सहसा पटत नाहीत. इथे मात्र गप्प बसावं लागतं.

मेल्यानंतर, युद्ध जिंकलेल्या फ्रँकोच्या सरकारनं त्याची दोन खाती उघडली. १९४१ साली त्याच्या समग्र कविता माद्रिदमध्ये पुन्हा छापल्या गेल्या, आणि प्रस्तावना लिहिली ती फालांखे या फॅसिस्ट पक्षातल्या दिओनिसियो रिद्रुएखो या कवीनं. सूर असा की हा मोठा कवी शत्रूच्या तावडीतून आपण सोडवून आणतोय. त्याच वर्षी, मेलेल्या या फ्रेंचच्या शिक्षकाला चौकशी समितीनं नोकरीतून बडतर्फ केलं. कवी हवा होता, मास्तर नको होता. ही बडतर्फी रद्द व्हायला १९८१ साल उजाडलं.

मधल्या काळात माचादोचं नाव घेणं हीच विरोधाची एक रीत झाली. १९५९ मध्ये तरुण कवी कोलिऊरला त्याच्या थडग्यापाशी जमले. फेब्रुवारी १९६६ मध्ये, तो जिथे शिकवत होता त्या बाएसा गावात त्याचा अर्धपुतळा बसवायचा घाट घातला गेला, तर पोलिसांनी लाठ्या चालवून लोकांना पांगवलं. पुतळा बसला १९८३ मध्ये. म्हणजे १९६९ ची तबकडी आली तेव्हा माचादो दुकानात उघड विकत मिळत होता, पण चौकात उभा राहू शकत नव्हता.

गायक

सेर्रातचा जन्म १९४३ चा, बार्सिलोनातल्या पोब्ले सेक या कामगार वस्तीतला. वडील कॅटलान कामगार, आई आरागोनची, बेल्चिते गावची. गृहयुद्धात हे गाव पार उद्ध्वस्त झालं. घरात दोन भाषा: बार्सिलोनाकडची कॅटलान आणि स्पॅनिश. कॅटलान भाषेतली गाणी पुन्हा उभी करणाऱ्या ‘नोवा कान्सो’ या चळवळीतून तो पुढे आला. ‘सोळा न्यायाधीश’ असं मिस्कील नाव घेतलेल्या तिथल्या गायकांच्या गटात त्याचा नंबर तेरावा. कॅटलान लोकगीतांची एक अख्खी तबकडीही त्यानं माचादोच्या आधीच गायली होती. हे महत्त्वाचं आहे. अनामिक गाणं कसं गायचं, म्हणजे स्वतःचा आवाज ठेवून स्वतः बाजूला कसं व्हायचं, हे त्याला येत होतं.

१९६८ मध्ये युरोपातल्या देशांच्या युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेसाठी स्पेनतर्फे त्याची निवड झाली. गाण्याचं नाव ‘ला, ला, ला’. (मोजणाऱ्यांनी मोजलंय, त्यात ‘ला’ १३८ वेळा येतो.) सेर्रात म्हणाला, मी हे कॅटलानमध्ये गाईन. फ्रँकोच्या सरकारी दूरचित्रवाणीला ते चालणारच नव्हतं. त्याच्या जागी मासिएल या गायिकेला लंडनला पाठवलं, आणि ती स्पर्धा जिंकून आली. सेर्रातवर पुढची काही वर्षं सरकारी पडदा बंद झाला.

आणि दुसऱ्याच वर्षी हा माणूस कॅस्टिलियन, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो आणि ज्या भाषेच्या सक्तीविरुद्ध तो अडून बसला होता त्याच भाषेतल्या कवीची अख्खी तबकडी करतो! कॅस्टिलियनमध्ये तो आधीपासून गातच होता, आणि त्यावरून कॅटलान गोटातले काही जण त्याच्यावर नाराजही होते. मला या निवडीत हट्ट दिसतो. भाषेशी भांडण नव्हतं, हुकुमाशी होतं. सरकारनं जो कवी प्रस्तावना लिहून आपलासा केला होता, त्याला सेर्रातनं त्याच भाषेत परत मागून आणलं.

बारा गाण्यांत काय केलं

वाद्यमेळ रिकार्द मिरालेस यांचा. पुढे कित्येक वर्षं ते सेर्रातबरोबर राहिले. बाराही गाण्यांवर लिहायची गरज नाही, काही पुरेत.

‘रेत्रातो’ आणि ‘लास मोस्कास’ (माश्या) यांच्या चाली सेर्रातच्या नाहीतच. त्या अल्बेर्तो कोर्तेस या अर्जेंटिनी गायकाच्या. त्यानं या कविता आधी गायल्या होत्या. सेर्रातनं त्या चाली तशाच घेतल्या आणि श्रेयही दिलं. तरी आज ऐकणाऱ्याला सगळं सेर्रातचंच वाटतं. शिवण हरवायची सुरुवात इथूनच झाली.

‘आ उन ओल्मो सेको’ (सुकलेल्या एल्मला) ही कविता मे १९१२ ची, सोरिया या गावातली. वीज पडून दुभंगलेल्या, निम्म्या कुजलेल्या झाडाला वसंतात चार हिरवी पानं फुटली आहेत. शेवटी कवी म्हणतो, माझंही काळीज वसंताच्या आणखी एका चमत्काराची वाट पाहतंय. त्याची बायको लिओनोर तेव्हा क्षयानं अंथरुणाला खिळली होती. लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि तो चौतीस. (हे आज वाचताना खटकतं, आणि खटकायलाच हवं.) ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ती गेली. कवितेत बायकोचा उल्लेखही नाही. सेर्रातनं इथे काहीच उघड केलं नाही, झाडाबद्दलचं गाणं झाडाबद्दलच ठेवलं. तबकडीतला सगळ्यात संयमी निर्णय मला हाच वाटतो.

‘एस्पान्योलितो’ अवघं काही ओळींचं आहे. जगात येणाऱ्या छोट्या स्पॅनिश बाळा, देव तुला सांभाळो. दोन स्पेनांपैकी एक तुझं काळीज गोठवणार आहे. माचादोनं हे लिहिलं तेव्हा गृहयुद्धाला जवळजवळ दोन दशकं अवकाश होता. १९६९ मध्ये ऐकणाऱ्याला ते कालच लिहिल्यासारखं वाटलं असणार. एक अक्षरही न बदलता कवितेचा अर्थ बदलला. काळानंच तिला चाल लावली होती, गायकाला फक्त म्हणायची होती.

कोलिऊरबद्दलचं एक गाणंही तबकडीत आहे. त्याचे शब्द सेर्रातचे स्वतःचे. ते तसंच वेगळं राहिलं आणि कोणीही माचादोच्या नावावर घातलं नाही. म्हणजे स्वतःचे शब्द वेगळे ठेवता येत होते. पहिल्या गाण्यात, ‘कान्तारेस’मध्ये, ते तसे राहिले नाहीत.

‘कान्तारेस’

पहिला भाग माचादोचा. ‘म्हणी आणि गाणी’मधल्या तीन वेगवेगळ्या रचना एकामागोमाग एक लावल्यात: सगळं जातं आणि सगळं राहतं, आपलं काम मात्र जायचं; कीर्तीच्या मागे मी कधी लागलो नाही; आणि वाटसरूची ती ओळ. कवीनं त्या एकत्र लिहिलेल्या नव्हत्या. पण ओळी सगळ्या आठाच्या, त्यामुळे जोड कळत नाही.

मग सेर्रातची कडवी येतात. त्यांचं माप एकदम मोठं होतं, दहा-अकरा. गाण्याचा श्वासही बदलतो, तो आता गोष्ट सांगू लागतो. आशय असा की काही काळापूर्वी, आज जिथे रानावर काटे माजलेत तिथे, एका कवीचा आवाज ओरडताना ऐकू आला... आणि कवी जे ओरडला ती वाटसरूची ओळ. पुढच्या कडव्यात कवी घरापासून दूर मेला, शेजारच्या देशाची माती त्याच्या अंगावर आहे, जाताना त्याला रडताना पाहिलं... आणि पुन्हा तीच ओळ. प्रत्येक वेळी तिच्या पाठोपाठ ‘घाव-घाव, ओळ-ओळ’.

आता नीट ऐका. कवी ओरडला असं म्हटल्यावर अवतरणचिन्ह उघडतं. छापील कागदावर ते ‘वाट होते’ इथे मिटतं. गाण्यात अवतरणचिन्ह ऐकू येत नाही. शिवाय सेर्रातची कडवी दहा-अकराची असली, तरी ‘गोल्पे आ गोल्पे, वेर्सो आ वेर्सो’ हे बरोबर आठाचं आहे. माचादोच्याच मापाचं. लांब ओळींमधून ते परत कोप्लाच्या चालीत येतं आणि आधीच्या ओळीला असं चिकटतं की कान दोघांत फरक करूच शकत नाही. हे सेर्रातनं ठरवून केलं, की लोकगीतांवर पोसलेल्या त्याच्या कानानं आपोआप केलं? मला दुसरं जास्त शक्य वाटतं.

पण फक्त शब्द जोडले गेले असते तर एवढं लिहिलं नसतं. मूळ रचनेत आरोळी नाहीच. मागे वळून पाहिलं तर जी पाऊलवाट दिसते तिच्यावर पुन्हा पाय पडणार नाही. वाट नाही, आहेत त्या समुद्रावर उठणाऱ्या पाण्याच्या रेघा. हे एका एकट्या, वय होत चाललेल्या मास्तरचं शांत बोलणं आहे. त्यात काही घडवायची हाक नाही, उलट घडवलेलं पुसलं जातं ही जाणीव आहे. सेर्रातनं तीच ओळ हद्द ओलांडणाऱ्या, मरायला टेकलेल्या माणसाच्या तोंडी दिली. ‘घाव’ जोडल्यावर चालणं म्हणजे लढणं झालं. शेवटी आवाज चढत-चढत जवळजवळ ओरडण्यापर्यंत जातो, आणि ऐकणारा मूठ वळतो. पुसट होणाऱ्या रेघांचं गाणं वाट घडवणाऱ्यांचं झालं. मगावर छापली जाते ती सेर्रातच्या अर्थाची ओळ, खाली नाव माचादोचं.

यात सेर्रातचा दोष किती? तबकडीवर त्यानं काही लपवलं नव्हतं. आपल्याकडे आकाशवाणीवर गाण्याआधी कवी, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं निवेदक वाचायचा. ती शिस्त उपयोगी होती, पण अर्ध्या गाण्याचा कवी वेगळा असेल तर तीही लंगडी पडली असती. ‘तुका म्हणे’ लावून कोणी कोणी काय काय गाथेत सरकवलं, याचा हिशेब विद्वान अजून लावतायत. फरक इतकाच की प्रक्षेप करणारा स्वतःला लपवतो. सेर्रात लपला नव्हता. लोकांनीच त्याला विसरून टाकलं, आणि तेही तो हयात असताना, समोर मंचावर गात असताना.

थोरल्या भावाच्या हिशेबानं ही कोप्लाची पदवीच.

‘ला साएता’

याच तबकडीतल्या दुसऱ्या एका गाण्याबाबत नेमकं उलटं घडलं. तिथे शब्द गळाले आणि चाल उरली.

साएता म्हणजे बाण. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात येशूच्या आणि मरियमच्या मूर्तींच्या मिरवणुका निघतात. तेव्हा सज्जातून किंवा गर्दीतून कोणीतरी एकदम मूर्तीला उद्देशून, साथीशिवाय, आर्त टीप लावतो. ती साएता. माचादोच्या कवितेच्या माथ्यावर एक लोकप्रचलित साएताच दिलेली आहे: मला शिडी कोण देईल, क्रुसावर चढून नाझरेथच्या येशूचे खिळे काढायला? मग कवी या मरणपूजक श्रद्धेवर बोलतो. दर वसंतात क्रुसावर चढायला शिड्या मागणारे हे माझे लोक! आणि शेवटी साफ सांगतो की हे माझं गाणं नव्हे. लाकडावरच्या या येशूला मी गाऊ शकत नाही, गायचंही नाही, मी गाईन समुद्रावर चाललेल्याला.

सेर्रातनं याला मिरवणुकीच्या ढोलाची लय दिली आणि नकाराची शेवटची ओळ पुन्हा पुन्हा घोळवली. गंमत अशी की नकाराचं गाणं मिरवणुकीच्या तालात बांधलं, तर ते मिरवणुकीला आवडणारच. अंदालुसियातल्या बिगुल-ढोलांच्या पथकांनी ती चाल उचलली. आज पवित्र सप्ताहात मूर्तीपुढे वाजणाऱ्या रचनांमध्ये ‘ला साएता’ ही लोकप्रिय रचना आहे. पथक शब्द गात नाही, फक्त वाजवतं. देमोफिलोनं ज्या शहरात लोकांची पदं गोळा केली, त्याच सेवियाच्या रस्त्यांवर त्याच्या मुलाची कविता शब्दांशिवाय परत आली.

सेर्रातनं १९७२ मध्ये मिगेल एर्नांदेस या फ्रँकोच्या तुरुंगात मेलेल्या कवीवर अशीच तबकडी केली. १९७५ मध्ये स्पेनमधल्या मृत्युदंडांविरुद्ध मेक्सिकोत बोलल्यामुळे सेर्रातलाही वर्षभर देशाबाहेर राहावं लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये बार्सिलोनात शेवटचा कार्यक्रम करून तो निवृत्त झाला. कोलिऊरच्या थडग्यावर एक टपालपेटी आहे, लोक अजून माचादोला पत्रं टाकतात. त्यांतल्या कितीतरी पत्रांत ‘घाव-घाव, ओळ-ओळ’ असेल, असा माझा आपला अंदाज.

आणि पवित्र सप्ताहात, मेणबत्त्यांच्या धुरात, सेवियाच्या एखाद्या बोळात लाकडाचा येशू डुलत-डुलत येतो, बिगुल ती चाल धरतात, आणि गर्दीतला जो कोणी ती ओठातल्या ओठात म्हणत असेल तो त्या मूर्तीकडे बघतच म्हणतो: तुला मी गाऊ शकत नाही, गायचंही नाही.